जॉइन करताना नोंदी गळू देऊ नका

ग्रंथालय, पतसंस्था, शाळा, हाउसिंग सोसायटी यांची लहानमोठी कामं करणारी सॉफ्टवेअर आज आपल्याच गावातली मुलंमुली लिहितात. मागे पीएचपी आणि मायएसक्यूएल, आणि पडद्यावर तक्ता दाखवायला डेटाटेबल्स, ही त्यांची नेहमीची हत्यारं. त्यांना आणि ही सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्या संस्थांनाही एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे.

ग्रंथालयाचंच उदाहरण घेऊ. पुस्तकं एका टेबलात, लेखक दुसऱ्यात, सभासद तिसऱ्यात आणि देवघेव चौथ्यात. देवघेवीच्या नोंदीत नुसते क्रमांक असतात. ग्रंथपालांना मात्र नावं दिसायला हवीत. म्हणून टेबलं जोडावी लागतात; यालाच जॉइन म्हणतात. नोंदी काही हजार असेपर्यंत सगळी यादी एकदम ब्राउझरकडे पाठवली तरी निभतं. त्या लाखाच्या घरात गेल्या की पान उघडता उघडत नाही. तेव्हा सर्व्हर-साइड प्रोसेसिंग लागतं. कितव्या नोंदीपासून किती नोंदी हव्यात, कोणत्या कॉलमनुसार लावायच्या आणि काय शोधायचं, हे ब्राउझर दर वेळी कळवतो. सर्व्हर तेवढ्याच नोंदी देतो आणि सोबत दोन आकडे पाठवतो: एकूण नोंदी किती आणि शोध लावल्यावर उरल्या किती.

घोळ होतो तो जोडणीत. डेटाटेबल्ससोबत येणारी पीएचपीची नमुना फाइल एकाच टेबलासाठी लिहिलेली आहे. तिच्यात जॉइन कोंबत बसू नका. डेटाबेसमध्ये जोडणीचा एक व्ह्यू, म्हणजे नाव देऊन साठवलेली क्वेरी, तयार करा आणि टेबलाच्या जागी त्या व्ह्यूचं नाव द्या. क्वेरी एका जागी राहते, वाचता येते आणि दुसऱ्या कोणाला तपासताही येते.

पण त्या व्ह्यूमध्ये इनर जॉइन लिहिलात, तर दोन्ही टेबलांत जुळणी असलेल्याच नोंदी येतील. जुन्या ग्रंथालयांत लेखकाचं नाव न नोंदवलेली कितीतरी पुस्तकं असतात: पोथ्या, स्मरणिका, मुखपृष्ठ फाटलेले संग्रह. इनर जॉइनमध्ये ती सगळी यादीतून गायब होतात. पडद्यावर कसलीही चूक दिसत नाही. वाचक येतो, ग्रंथपाल शोधून पाहतात आणि ‘नाही आपल्याकडे’ म्हणून सांगतात. पुस्तक मात्र कपाटात असतं. पुस्तकाच्या जागी पतसंस्थेचा खातेदार ठेवून बघा, म्हणजे हे किती गंभीर आहे ते कळेल.

इथे पुस्तकांच्या टेबलापासून सुरू होणारा लेफ्ट जॉइन वापरा, म्हणजे लेखक नसला तरी पुस्तक यादीत राहतं. मात्र लेखकाच्या टेबलावरची अट ‘व्हेअर’मध्ये टाकलीत, तर लेखक नसलेल्या नोंदी पुन्हा बाहेर पडतात. अशी अट जोडणीच्या ‘ऑन’मध्येच लिहा. उलटा प्रकारही होतो. पुस्तकाला दोन लेखक असले की तेच पुस्तक दोन ओळींत येतं आणि एकूण आकडा फुगतो. अशा वेळी पुस्तकाच्या क्रमांकावर ग्रुप करून लेखकांची नावं एकाच ओळीत एकत्र आणा.

सर्वांत फसवा असतो तो एकूण नोंदींचा आकडा. बहुतेक जण तोही त्याच व्ह्यूवरून मोजतात. मग गळलेल्या नोंदी यादीतही नसतात आणि आकड्यातही नसतात. दोन्ही एकमेकांशी जुळतात, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. एकूण आकडा मूळ पुस्तकांच्या टेबलावरून मोजा, आणि शोधानंतरचा आकडा मात्र यादीला लावलेल्या जोडण्या आणि अटी तशाच ठेवून मोजा.

आणखी एक गळती पानं उलटताना होते. एकाच तारखेच्या पुष्कळ नोंदी असतील आणि तुम्ही फक्त तारखेनुसार क्रम लावला असेल, तर त्यांचा आपसातला क्रम दर वेळी तोच राहील याची हमी मायएसक्यूएल देत नाही. एखादी नोंद दोन पानांवर दिसेल आणि एखादी कुठेच दिसणार नाही. क्रमाच्या शेवटी नोंदीचा क्रमांक जोडला की हे थांबतं.

सुरक्षेबद्दल थोडक्यात: शोधाचा मजकूर प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधूनच पाठवा. कॉलमचं नाव तसं पाठवता येत नाही, म्हणून चालणाऱ्या नावांची यादी सर्व्हरवर ठेवा आणि ब्राउझरकडून आलेलं नाव तिच्यात असेल तरच वापरा.

संस्थेत काम करणाऱ्यांनो, तुम्हाला यातली एकही क्वेरी लिहावी लागणार नाही. दाखल रजिस्टर उघडा, लेखकाचा रकाना कोरा असलेली चार-पाच पुस्तकं निवडा आणि त्यांची नावं पडद्यावर शोधा. एक जरी सापडलं नाही, तरी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला त्याच दिवशी फोन करा. आणि लिहिणाऱ्यांनो, तो फोन यायची वाट पाहू नका. मूळ टेबलातल्या नोंदी आणि यादीतल्या नोंदी आजच मोजून ताडून बघा.