नाव कापलं कुणी? विचारा!



2009 मध्ये लोकसभेचं मतदान 30 एप्रिलला झालं. त्या दिवशी आपल्या पाड्यांवर कोण होतं? म्हातारी माणसं, कुत्री आणि कोंबड्या. बाकी सगळे भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर. उचल फिटली नव्हती. मालकानं सांगितलं, मतदानाला गेलात तर खाडा धरीन. खरं तर त्या दिवशी रोजंदारीवरच्या माणसालाही भरपगारी सुट्टी द्यावी असा कायदा आहे. भट्टीवर तो कायदा अजून पोचायचा आहे.

तरी काही जण आलेच. रात्रीची एसटी धरून जव्हार, तिथून पायी. केंद्रावर पोचले तर उत्तर काय? "तुमचं नाव नाय. तुम्ही स्थलांतरित."

स्थलांतरित! पोटासाठी दिवाळीनंतर जातो आणि पावसाआधी परत येतो, तर आम्ही स्थलांतरित. साहेब तीन वर्षांसाठी बदलीवर येतो, तो मात्र इथला रहिवासी.

म्हणून आम्ही कायदा काढून वाचला. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950. कलम 20 म्हणतं, माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं राहतं ठिकाण तुटत नाही. कलम 22 म्हणतं, गाव सोडून गेला म्हणून नाव कापायचं असेल तर आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्या. आम्ही पाड्यापाड्यांत विचारलं, कुणाला संधी मिळाली? कुणाकडं नोटीस आली? एकही हात वर आला नाही. बंद दाराला कागद चिकटवला असेल तर तो शेळीनं खाल्ला असेल, आणि शेळीचं म्हणणं कुणी ऐकून घेतलेलं नाही.

आता आपल्यातल्याच काहींचं म्हणणं सांगतो. "मतानं काय होतं? जमीन मोर्चानं मिळते. जागा राखीव, उमेदवार आपला, पण तिकीट देणारा मुंबईचा. निवडून गेला की फॉरेस्टवाल्यांच्या पंगतीला." यातलं बरंच खरं आहे. आम्ही कुणाचा प्रचार करत नाही, करणारही नाही. पण मतदार यादी ही उमेदवाराची वस्तू आहे असं समजून आपण ती सोडून दिली, तर नुकसान उमेदवाराचं नाही, आपलं.

कसं ते बघा. पेसा कायदा 1996 चा. त्यात गावची ग्रामसभा म्हणजे कोण? ज्यांची नावं पंचायतीच्या मतदार यादीत आहेत ते. आणि पंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच होते. म्हणजे तिथं नाव कापलं की इथं ग्रामसभेतला हात कापला. वनहक्क कायद्यात गावची सगळी प्रौढ माणसं ग्रामसभेत धरली आहेत, हे खरं. तिथं 2012 पर्यंत दोन तृतीयांश माणसं बसल्याशिवाय सभाच होत नव्हती. पण रजिस्टर मांडून बसणारा ग्रामसेवक हातात कोणता कागद धरतो? यादीच.

दुसरं, प्लॉटचा दावा. नियम 13 मध्ये जे पुरावे दिलेत त्यात मतदार ओळखपत्र आहे. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. ओळखपत्र एकटं पुरत नाही, पण त्याच्या जोडीला म्हाताऱ्यांचा लेखी जबाब ठेवला की दोन झाले. एकसाली प्लॉटच्या पावत्या ज्यांच्या पावसात भिजून गेल्या, त्यांनी हे नीट ऐका. जो माणूस सरकारच्या यादीत या गावात नाही, त्याला उद्या फॉरेस्टवाला म्हणणार, "तू इथं होतासच कुठं?"

बायांचं तर विचारूच नका. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या पाड्यात गेली की माहेरच्या यादीतून तिचं नाव लगेच जातं, सासरच्या यादीत वर्षानुवर्षं चढत नाही. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे 28 लाख बायांची नावं यादीतून काढली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न देता अमक्याची बायको, तमक्याची आई असं लिहून दिलं होतं. आज आपल्या बाया नाव सांगतात, तर लिहून घेणारा येत नाही. वनहक्कात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे व्हायचा आहे, हे विसरू नका.

 उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की यादीत नवं नाव चढत नाही. तेव्हा "बघू नंतर" चालणार नाही. आत्ता आवणीला सगळे घरी आहेत. आवणी उरकली की प्रत्येक पाड्यानं यादी मागवावी आणि सभेत मोठ्यानं वाचावी. शाळेत शिकणारी पोरं वाचतील, म्हातारी माणसं सांगतील कोण आहे, कोण मेलं, कोण राहिलं. मेलेल्यांची नावं जपून ठेवतात नि जित्यांची कापतात, हेही तेव्हाच कळेल. ज्यांना 18 पुरी झाली, त्या सगळ्यांचा फॉर्म नंबर 6 भरा. नाव-वय चुकलं असेल तर नंबर 8. फॉर्म फुकट असतो. तालुक्याला कुणी पन्नास रुपये मागितले तर द्यायचे नाहीत, त्याचं नाव आम्हाला सांगायचं.

उमेदवार आले की कोंबडी-दारूचं बोलणं नको. त्यांच्यावर खटले किती, मालमत्ता किती, हे त्यांना अर्जासोबत शपथेवर लिहून द्यावं लागतं. ते कागद मागून वाचायचे. आणि पाड्यात आला की विचारायचं, आमच्या दाव्यांचं काय केलंस?

फॉर्म दिल्यावर पोच घ्या, पोच न देणाऱ्याची तारीख-वेळ लिहून ठेवा. कापलेल्या नावांची यादी पाड्यावार करून पुढच्या बैठकीला आणा. ती घेऊन आपण सगळे मिळून तहसीलवर जाणार आहोत.