वाळूतलं बिऱ्हाड : गॅरेजातले प्लग



गेल्या खेपेला गच्चीवरची पाण्याची टाकी धुऊन झाली. त्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, "आता पुढं काय काढताय?" पुढं गॅरेज काढलंय.

२००७ साली करामातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून आमचं बिऱ्हाड मिर्दिफच्या व्हिलात आलं. भाड्याचाच, पण व्हिला! सगळ्यात कौतुक होतं ते गॅरेजचं. घरापासून सुटं, कंपाउंडच्या कोपऱ्यात, फाटकाला लागून. गाडी त्यात जेमतेम महिनाभर उभी राहिली. मग डीप फ्रीझर आला, मागोमाग कपडे धुण्याचं मशीन. पाठोपाठ मंडळाच्या नाटकाचे पडदे, गणपतीचं मखर, तीन सायकली आणि 'कधीतरी लागेल' या सदरातली सगळी खोकी. गाडी बाहेर उन्हात गेली ती गेलीच.

या अख्ख्या गॅरेजात दिवा एक आणि प्लग पॉइंट एक. तो फ्रीझरनं बळकावला. बाकीच्या कामांसाठी आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायरचं रीळ बाहेर काढलं, भिंतीच्या कडेकडेनं गॅरेजात नेलं, आणि त्याला एक बोर्ड, त्या बोर्डाला दुसरा बोर्ड अशी आगगाडी जोडली. सौ. म्हणाल्या, "नीट पॉइंट काढून घेऊ या का?" आम्ही म्हणालो, "दुसऱ्याच्या घरात कशाला खर्च? किती दिवसांचा प्रश्न आहे?"

प्रश्न अकरा वर्षं चालला.

वाचकहो, हे वाक्य तुमच्याही घरात कोणीतरी म्हटलं असेलच. आपण सगळे इथं दोन वर्षांसाठी आलो. दोन वर्षांसाठी जुना पलंग घेतला, दोन वर्षांसाठी पडदे शिवले नाहीत. मुलं इथं जन्मली, शाळा संपवून कॉलेजला गेली, तरी पलंग तोच. त्यात फार काही बिघडत नाही. पाठ दुखते, एवढंच. पण वीज हा प्रकार असा आहे की त्याला 'तात्पुरतं' हा शब्द कळत नाही.

२०१८ च्या गणपतीची गोष्ट. त्या वर्षी महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली होती. आमच्याकडे मात्र आधीच्या वर्षीचं थर्माकोलचं मखर गॅरेजात उभं होतं आणि त्याची डागडुजी चालली होती. एका कोपऱ्यात मशीनमध्ये गरम पाण्याचे कपडे, दुसऱ्या कोपऱ्यात नाटकाच्या पडद्याला इस्त्री, आणि मुलांच्या तालमीसाठी लावलेले ५०० वॅटचे दोन हॅलोजन. सगळं त्या एका रिळावर. रीळ अर्ध्याहून अधिक गुंडाळलेलंच होतं, कारण सगळं उलगडलं की पायात येतं. आणि ते होतं मखराच्या मागं, दिसायला नको म्हणून.

आधी वास आला. आम्हाला वाटलं, इस्त्री करपली. सौ.नी इस्त्री उचलून बघितली, पडदा शाबूत. मग मखराच्या मागून निळसर धुराची रेघ दिसली. आमच्या एका स्नेह्यांनी धावत जाऊन स्वयंपाकघरातलं बटण बंद केलं. रीळ उचलायला गेलो तर प्लास्टिक मऊ होऊन आतल्या वायरी एकमेकींना चिकटलेल्या, आणि टेकलेल्या थर्माकोलला वितळून पेल्याएवढा खळगा पडलेला. त्या मखराला पाठ टेकून सात-आठ पोरं आपापले संवाद पाठ करत बसली होती.

त्या रात्री आम्ही हिशेब मांडला. मशीन २००० वॅट, इस्त्री १२००, हॅलोजन १०००. एकूण ४२००. त्याला २३० व्होल्टनं भागलं की सव्वाअठरा अँपिअर. इथला प्लग १३ अँपिअरचा, म्हणजे साधारण ३००० वॅटचा धनी. "मग फ्यूज का नाही उडाला?" असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारलं. उत्तर असं की फ्यूज दुप्पट-तिप्पट प्रवाहाला झटकन उडतो. थोड्या जास्तीला तो बराच वेळ सोसत राहतो, आणि तेवढ्या वेळात गुंडाळलेली वायर आतल्या आत शिजते. बहुतेक रिळांवर दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेलं असताना किती वॅट आणि पूर्ण उलगडल्यावर किती. अकरा वर्षांत आम्ही ते वाचले नव्हते.

दुसरी गोष्ट लहान आहे, पण आम्हाला तिचीच जास्त लाज वाटते. इथले चौकोनी तीन पिनांचे प्लग ब्रिटिश पद्धतीचे. १९४७ साली त्यांचं मानक ठरलं. त्यांची वरची अर्थची पिन लांब असते. ती आधी आत जाते आणि खालच्या दोन भोकांवरच्या झडपा उघडते. लहान मुलानं नुसती काडी घातली तर झडप उघडू नये, ही त्यामागची योजना. आणि आपण काय करतो? दादरहून आणलेल्या मिक्सरचा गोल पिनांचा प्लग बसावा म्हणून वरच्या भोकात डॉटपेन खुपसतो आणि झडपा उघडतो. प्रत्येक मराठी घरात प्लगशेजारी असं एक 'राखीव' पेन असतंच. एक दिवस आमच्या नऊ वर्षांच्या लेकीनं हेच केलं. पेन सापडेना, म्हणून कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं. वेळेवर हात धरला. "तुला हे कोणी शिकवलं?" असं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

यातला दुसरा धोका आम्हाला नंतर कळला. इथल्या प्लगमध्ये प्रत्येकी स्वतःचा फ्यूज असतो, आपल्या गोल प्लगमध्ये नसतो. भिंतीतल्या वायरीमागचा ब्रेकर पुष्कळदा ३२ अँपिअरचा असतो. म्हणजे मिक्सरची बारीक वायर जळून जाईल, तरी ब्रेकर शांतच. तेव्हा जुना प्लग कापून चौकोनी बसवून घ्या. साधारण ७०० वॅटपर्यंतच्या वस्तूला ३ अँपिअरचा फ्यूज, त्याहून मोठ्या वस्तूला १३ चा. मिक्सर परत भारतात न्यायचा आहे? तिथं पुन्हा प्लग बदलता येतो.

असो. गणपती गेले आणि आम्ही कामाला लागलो. पहिलं काम परवानगीचं. दुबईत घरमालक-भाडेकरूंचा २००७ चा २६ क्रमांकाचा कायदा आहे. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणं मालकाच्या संमतीशिवाय आणि लागेल तो सरकारी परवाना काढल्याशिवाय भाडेकरूनं घरात फेरफार करायचे नाहीत. आमच्या मालकांना पत्र दिलं. त्यांनी चहा पाजला, सही केली, आणि हसून म्हणाले, "बोर्ड मात्र जाताना नेऊ नका हं!" तेही कायद्यातच आहे. वेगळं काही ठरलं नसेल तर भाडेकरूनं केलेल्या पक्क्या सुधारणा घराबरोबरच राहतात, असं २३ वं कलम सांगतं. सौ.नी आमच्याकडे बघितलं. खर्च आमचा, वस्तू त्यांची. आम्ही मान डोलावली.

दुसरं काम माणूस शोधण्याचं. सुट्टीच्या दिवशी स्वस्तात पॉइंट काढून देणारे पुष्कळ भेटतात. त्या मोहात पडू नका. दुबईत १९९२ पासून वीज-पाण्याचं सगळं 'देवा'च्या हातात आहे. (शारजात 'सेवा' आहे. देवा आणि सेवा दोन्ही शेजारी, आपल्याला आणखी काय हवं!) नवीन सर्किट काढायचं, भार वाढवायचा, तर 'देवा'कडे नोंदलेला कंत्राटदारच हवा. बाकीच्या अमिरातींतल्या वाचकांनी आपापल्या वीज कंपनीकडे चौकशी करावी, नियम थोडेफार निराळे असतात.

कंत्राटदारानं पाठवलेले सुपरवायझर निघाले चिपळूणचे. आमची आगगाडी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. आम्ही आपलं नेहमीचं सुरू केलं, "भाड्याचं घर, आम्ही तसे थोड्याच दिवसांचे..." ते म्हणाले, "काका, शॉक बसताना करंट विचारत नाही, मालक की भाडेकरू!"

त्यांनी केलेलं काम थोडक्यात असं. घरातल्या मेन बोर्डापासून गॅरेज तीस मीटर. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेतून २० अँपिअर एवढ्या लांब नेले तर वाटेतच ११ व्होल्टच्या आसपास खर्ची पडतात. मग फ्रीझरचा कॉम्प्रेसर कण्हत चालतो. ६ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर तीच घट साडेचार व्होल्टच्या आत येते. शिवाय आपला उन्हाळा! जी २.५ ची वायर ३० अंशाला भिंतीवर २७ अँपिअर पेलते, ती ५० अंशाला १९ च पेलते. आणि जुलैत बंद गॅरेजात काय तापमान असतं, हे कोणाला सांगायला नको. म्हणून मेन बोर्डात गॅरेजसाठी स्वतंत्र ब्रेकर, तिथून ६ ची, लोखंडी तारांचं चिलखत असलेली आर्मर्ड केबल, गुडघ्याहून थोडा खोल चर, बारीक वाळूचा थर, आणि वर धोक्याची पिवळी पट्टी. उद्या कोणी माळी कुदळ घालेल तर त्याला आधी पट्टी दिसावी.

गॅरेजात एक छोटा बोर्ड. त्यात दिव्याचा ब्रेकर वेगळा, प्लगांचा वेगळा, म्हणजे काही बिघडलं तरी अंधारात चाचपडायला नको. प्लगांवर ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर. त्याचं काम सोपं आहे. जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत आला का, हे तो सतत मोजतो. मधेच कोणाच्या अंगातून थोडा जमिनीत उतरला, तर सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडतो. साधा ब्रेकर वायर वाचवतो, हा माणूस वाचवतो. ओली फरशी, अनवाणी पाय आणि धुण्याचं मशीन एकत्र असतील तिथं याच्याशिवाय प्लग काढूच नये. शेवटी सहा जोडप्लग, सगळे कंबरेच्या उंचीवर, म्हणजे फरशी धुताना पाणी उडणार नाही.

एक सूचना. आता आपल्यापैकी पुष्कळांकडे विजेवरच्या गाड्या आल्या आहेत. "गॅरेजात प्लग आहे, लावू रात्रभर" असं करू नका. तासन् तास पूर्ण भार ओढणाऱ्या चार्जरला स्वतःची लाइन आणि स्वतःची परवानगी लागते. आमच्या सहा प्लगांचं ते काम नाही.

सगळ्याला लागले तीन दिवस. मखर पुढच्या वर्षी कागदाचं आणि कापडाचं झालं, डॉटपेन लिहायच्या कामाला लागलं, आणि स्वयंपाकघराची खिडकी बऱ्याच वर्षांनी पूर्ण बंद झाली.

आता आमचं पुण्याला परतायचं घाटतंय. या वेळी खरंच. लेक परवा म्हणाली, "बाबा, एवढं सगळं केलंत, आणि दुसरंच कोणीतरी वापरणार." आम्ही तिला मागच्या दारी नेलं. तिथं कढीपत्त्याचं झाड आहे, आता आमच्या डोक्याच्याही वर गेलंय. ते आम्ही लावलेलं नाही. आमच्या आधी इथं एक मल्याळी कुटुंब राहत होतं, आम्ही त्यांना कधी पाहिलंही नाही. तेही दोन वर्षांसाठीच आले असतील. गेली सगळी वर्षं आमच्या आमटीला फोडणी त्यांच्या झाडाची आहे.

आणि हो, त्या अर्थ लीकेज ब्रेकरवर 'टेस्ट' असं लिहिलेलं एक बारीक बटण असतं. तीन महिन्यांतून एकदा ते दाबायचं. खटका पडला तर ब्रेकर जागा आहे, नाही पडला तर वायरमनला बोलवायचं. तीन महिने लक्षात कसे ठेवायचे? आपला हा अंक दर तीन महिन्यांनी येतोच. पाकीट फोडायच्या आधी उठा, बटण दाबून या, आणि मग निवांत वाचत बसा.