ड्राफ्टला निघालेल्या पोरांना शिक्षणाचे धडे कोण देतो?

दर वर्षी जून महिन्यात अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचा ड्राफ्ट होतो. तीस संघ दोन फेऱ्यांत साधारण साठ नवे खेळाडू निवडतात. कॉलेजचे शिक्षण अर्धवट टाकून आलेली एकोणीस-वीस वर्षांची पोरे त्यात मोठ्या संख्येने असतात आणि त्यातली बहुसंख्य काळी असतात. मग तिथले गोरे पत्रपंडित गळा काढतात. पोरे पैशाला भुलली, शिक्षणाची किंमत यांना कळत नाही, वगैरे.

चळवळीच्या वाचकालाही हे चटकन पटण्याजोगे आहे. भांडीकुंडी विकून, मोलमजुरी करून पोरांना शिकवणाऱ्या समाजातले आपण. बाबासाहेबांचा पहिला आदेशच शिकण्याचा. कॉलेज सोडणारा पोरगा म्हटला की आपल्या काळजात चर्र होते. पण आपण ज्याला शिक्षण म्हणतो तेच त्या पोराला तिथे मिळत होते काय, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

स्पेन्सर हेवूडचे उदाहरण घ्या. मिसिसिपीतल्या सिल्व्हर सिटीत जन्मलेला, लहानपणी शेतात कापूस वेचलेला हा मुलगा १९६८ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या संघात होता. १९७० साली तो सिएटलच्या संघात गेला. शालेय शिक्षण संपून चार वर्षे झाल्याशिवाय एनबीएत खेळता येणार नाही, असा तेव्हा नियम होता. हेवूड कोर्टात गेला. त्या काळात मैदानात बेकायदा खेळाडू उतरला आहे असे ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाई, असे त्याने पुढे सांगितले आहे. ही भाषा आपल्या कानाला नवी नाही. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल त्याच्या बाजूने लागला. मग संघटनेने दार किलकिले केले ते कसे? घरची हलाखी सिद्ध करणाऱ्यालाच लवकर प्रवेश! म्हणजे गुण अंगात असूनही आधी गरिबीचा दाखला आणा. १९७६ पर्यंत हा प्रकार चालला.

आता कॉलेजची बाजू पाहू. कॉलेज क्रीडेवर एनसीएए या संस्थेची सत्ता आहे. या संस्थेने १९५० च्या दशकात खेळाडूंसाठी ‘विद्यार्थी-खेळाडू’ असा शब्द घडवला. ऐकायला गोड, पण त्यामागे वकिली डोके होते. जखमी खेळाडूने कामगार म्हणून भरपाई मागू नये, यासाठी तो होता. १९५५ साली कोलोरॅडोत रे डेनिसन हा कॉलेजचा फुटबॉल खेळाडू सामन्यातल्या डोक्याच्या दुखापतीने मेला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला रिकाम्या हाताने परत पाठवले. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असे कारण दिले. हा शब्द रुजवणारे एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर, १९९५ च्या आपल्या पुस्तकात, या व्यवस्थेची तुलना मळेवाल्यांच्या मनोवृत्तीशी केली. मळेवाले म्हणजे गुलामांचे मालक. घरातल्याच माणसाची ही साक्ष आहे.

धंदा नाही म्हणता? २०१० साली एनसीएएने मार्चमधल्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा १४ वर्षांचा करार केला, तो १०.८ अब्ज डॉलरचा. अनेक राज्यांत सर्वात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, तर विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. आणि घाम गाळणाऱ्या पोराला? शिष्यवृत्ती. तीही १९७३ पासून २०१२ पर्यंत एकेका वर्षाचीच देता येत असे. गुडघा गेला की पुढच्या वर्षी ती मिळेलच याची हमी नाही. ज्या शिक्षणासाठी एवढे अश्रू ढाळले जातात, ते शिक्षण प्रशिक्षकाच्या मर्जीवर टांगलेले होते.

बरे, वर्गात काय शिकवत होते? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची चौकशी २०१४ मध्ये बाहेर आली. १९९३ ते २०११ या काळात तीन हजारांवर विद्यार्थ्यांनी असे अभ्यासक्रम घेतले होते, ज्यांत तासच होत नसत. एक निबंध द्यायचा आणि चांगले गुण घ्यायचे. त्यातले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. हे चालले कोणत्या विभागात? आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात! काळ्यांच्या इतिहासाचा विभाग काळ्या पोरांना अडाणी ठेवण्यासाठी वापरला गेला. २०१७ मध्ये एनसीएएने विद्यापीठाला यासाठी शिक्षाही केली नाही. हे वर्ग खेळाडू नसलेल्यांनाही खुले होते, ही सबब पुरली.

बिल गेट्सने १९७५ मध्ये हार्वर्ड सोडले तर ती धडाडी. जॉन मॅकेन्रोने एका वर्षात स्टॅनफर्ड सोडून टेनिस धरले, त्याचेही कोणी सुतक पाळले नाही. शाळेतून थेट व्यावसायिक बेसबॉलमध्ये मुले आजही जातात. काळ्यांचे वर्चस्व असलेल्या बास्केटबॉलमध्येच मात्र २००५ च्या करारात वयाची अट आली. २००६ च्या ड्राफ्टपासून वय एकोणीस आणि शाळा संपून एक वर्ष, हा नियम लागू आहे. यात वंशाचा प्रश्न आहे, असे जर्मेन ओ’नील या खेळाडूने तेव्हाच बोलून दाखवले होते. या नियमाने शिक्षण किती वाढले? पोरगा एक वर्ष कॉलेजात येतो, तिकिटे खपवतो आणि जातो. फायदा कॉलेजचा, आणि तयार माल पारखून घेणाऱ्या संघमालकांचा.

धोका नाही असे नाही. १९९८ मध्ये शाळेतून थेट आलेल्या कोर्लिऑन यंगला डेट्रॉइटने दुसऱ्या फेरीत घेतले. एनबीएत तो तीनच सामने खेळला. २००२ मध्ये लेनी कुकला तर कोणीच निवडले नाही. पहिल्या फेरीत कराराची हमी असते, दुसऱ्या फेरीत ती नसते. दलाल पोरांना खोटी स्वप्ने विकतात, हेही खरे. पण या पोरांना बुडवले ते लवकर निघण्याने नव्हे. पडल्यावर परतायला जागा नव्हती, म्हणून ती बुडाली.

आणि पैशाचा हिशेब आता उघडा पडला आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या विरोधात एकमुखी निकाल दिला. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मोकळीक मिळाली आणि २०२५ पासून कॉलेजेस त्यांना थेट मोबदला देऊ लागली. परिणाम काय झाला? २०२१ मध्ये लवकर ड्राफ्टसाठी साडेतीनशेच्या वर नावे आली होती, २०२५ मध्ये १०६ आली. पन्नास वर्षे उपदेश करून जी पोरे कॉलेजात थांबली नाहीत, ती घामाचे दाम मिळताच थांबू लागली!

शिक्षणाची ओढ त्यांना नव्हती, हेही खोटेच. व्हिन्स कार्टरने तीन वर्षांनंतर कॉलेज सोडले आणि खेळता खेळता पदवी पूर्ण केली. २० मे २००१ रोजी सकाळी तो पदवीदान समारंभाला गेला आणि त्याच दिवशी फिलाडेल्फियात निर्णायक सामना खेळला. टोरांटो एका गुणाने हरले, त्याचा शेवटचा फटका हुकला. मग टीकाकार म्हणाले, पदवी घ्यायला गेलाच कशाला!

२०१८ मध्ये एनसीएएने परतीचा नियम केला. शिष्यवृत्तीवरचा बास्केटबॉल खेळाडू दहा वर्षांच्या आत परत आला, तर कॉलेजने त्याच्या पदवीचा खर्च करायचा. अट अशी, जाण्यापूर्वी किमान दोन वर्षे तिथे काढलेली हवीत. एनबीएच्या नियमामुळे एकच वर्ष कॉलेजात आलेला पोरगा यातून नेमका वगळला गेला. ही अट काढून टाका, अशी मागणी तिथल्या काळ्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. बाबासाहेब ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ च्या उन्हाळ्यात, वर्षही पुरे होण्याआधी, त्यांना अभ्यास टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना परत येण्यासाठी चार वर्षांची मुदत दिली. १९२० मध्ये ते परत गेले, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.