हुंडणावळ

दोन पिढ्यांपूर्वीं सोलापुरांतील मध्यम स्थितीच्या घरांत मनिऑर्डर येत असे. मुंबईस किंवा पुण्यास नोकरीला गेलेला मुलगा महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत पैसे धाडी, आणि त्यांवर वाण्याचें व दूधवाल्याचें बिल चुकतें होई. आतां पुष्कळ घरांत हा ओघ उलटा झाला आहे. नातू कॅनडांत शिकतो, नात जर्मनींत, आणि पैसा येथून तिकडे जातो. मुलांच्या विद्येसाठीं घरानें पैसा खर्च करावा, यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु हा पैसा वाटेंत किती गळतो, याचा हिशेब फारच थोड्या घरांत ठेवला जातो. म्हणून या महिन्यांत तोच विषय घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मनिऑर्डरीचा व्यवहार उघडा होता. टपालखात्यानें ती सोय १८८० सालीं सुरू केली. कमिशन ठरलेलें असे, आणि शंभर रुपये धाडले तर शंभरच पोंचत. कारण दोन्ही टोकांस नाणें एकच. परदेशीं पैसा पाठवितांना नाणें बदलतें, आणि खरा खर्च त्या बदलांत दडलेला असतो. आपल्या पूर्वजांस ही गोष्ट ठाऊक होती. एका पेठेची हुंडी दुसऱ्या पेठेवर करतांना सराफ जें घेई त्यास ते हुंडणावळ म्हणत, आणि नाणें मोडतांना जो कापला जाई तो बट्टा. हे शब्द आतां विस्मरणांत गेले आहेत. आकारणी मात्र चालूच आहे, आणि तिचें नांव तोंडीं न उरल्यामुळें ती डोळ्यांसही दिसेनाशी झाली आहे.

एक उदाहरण मांडून पाहूं. समजा, नातवाची फी १०,००० डॉलर आहे, आणि त्या दिवशीं डॉलरचा बाजारांतील मध्यम भाव ९० रुपये आहे. बँक आपणांस तो ९१ रुपये ३५ पैशांस विकते. दीड टक्क्याचा हा फरक ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण दहा हजार डॉलरांवर तो १३,५०० रुपये होतो, आणि पावतीवर तो खर्च म्हणून बहुधा वेगळा दाखविलेला नसतो. पावतीवर दिसतें तें कमिशन. तें १,००० रुपये धरलें, तर त्यावर १८ टक्के वस्तु व सेवा कर म्हणजे १८० रुपये. नाणें बदलण्यावर आणखी कर आहे. पहिल्या लाखावर एक टक्का व पुढें दहा लाखांपर्यंत अर्धा टक्का या मानानें सेवेचें मूल्य धरतात, आणि त्या मूल्यावर १८ टक्के घेतात. आपल्या उदाहरणांत तो सुमारें ९१२ रुपये होतो. शिवाय पैसा अनेकदां मधल्या एखाद्या बँकेच्या हातून जातो, व तीही आपला वांटा कापून घेते. तो २५ डॉलर धरल्यास २,२८४ रुपये. एकंदर बेरीज १७,८७६ रुपये झाली. घरांतील मंडळी मात्र ‘हजार रुपये कमिशन पडलें’ असें म्हणून वही मिटतात.

मधल्या बँकेचा खर्च कोणीं सोसावयाचा, हें फॉर्मवरच विचारलेलें असतें. तेथें ‘सर्व खर्च पाठविणाराचा’ असें न लिहिल्यास तो पोंचणाऱ्या रकमेंतून कापला जाण्याचा संभव असतो. आमच्या परिचयाच्या एका घरीं आजोबांनीं निवृत्तीच्या पुंजींतून नातीची फी धाडली. तेथें ती पंचवीस डॉलरांनीं कमी पोंचली, आणि मुलीचें नांवच नोंदलें जाईना. तिनें ती भर आपल्या जेवणाच्या पैशांतून घातली, आणि आजोबांस वाईट वाटूं नये म्हणून घरीं चार महिने अवाक्षर काढलें नाहीं. पंचवीस डॉलर मोठी रक्कम नव्हे. परंतु त्या चार महिन्यांचा हिशेब कोणत्या खात्यांत लिहावा?

दुसरा खर्च काळाचा आहे. १८७३ पूर्वीं एका रुपयास जवळजवळ दोन शिलिंग मिळत. पुढें चांदी घसरली, तिच्याबरोबर रुपया घसरला, आणि १८९९ च्या सुमारास तो एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिर झाला. विलायतेंत मुलास दहा पौंड धाडणाऱ्या बापास जेथें शंभर रुपये पुरत, तेथें दीडशें लागूं लागले. मुलाच्या हातीं मात्र दहाच पौंड पडत. १९१३ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकावयास गेले, तेव्हां बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांस दिलेली शिष्यवृत्ति महिना साडेअकरा पौंडांची होती. ती पौंडांत असल्यामुळें रुपयाच्या चढउताराची झळ विद्यार्थ्यास न लागतां दात्याकडे राहिली. परदेशांतील फी भरण्याचें वचन देणारें प्रत्येक घर आज त्या दात्याच्या जागीं आहे. फरक इतकाच कीं, घरापाशीं संस्थानाची तिजोरी नसते. २०२२ सालच्या आरंभीं डॉलर ७४-७५ रुपयांच्या आसपास होता, तो वर्षाअखेर ८२ च्या वर गेला. दहा हजार डॉलरांमागें सत्तर हजारांहून अधिक रुपयांचा हा फरक. म्हणून दोन-तीन वर्षांच्या शिक्षणाचा अंदाज करतांना आजचाच भाव धरून गुणाकार करूं नये.

एक वजावट मात्र खर्चांत धरूं नये. रिझर्व्ह बँकेनें २००४ सालीं सुरू केलेल्या योजनेनें प्रत्येक रहिवाशास परदेशीं पैसा धाडण्याची मोकळीक मिळाली. प्रथम मर्यादा वर्षाकाठीं २५,००० डॉलरांची होती, पुढें ती अडीच लाखांपर्यंत वाढली. १ ऑक्टोबर २०२० पासून ठराविक रकमेपुढें बँक सरकारसाठीं कर आगाऊ गोळा करते. ही रकमेची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपये करण्यांत आली. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, सबब ते त्या त्या वर्षीं विचारून घ्यावे. हा कर ज्याच्या पॅनवर कापला जातो, त्याच्या प्राप्तिकरांत तो जमा धरतात किंवा परत देतात. परंतु रक्कम आजोबांच्या खात्यांतून गेली, आणि उत्पन्न करपात्र नाहीं म्हणून त्यांनीं विवरणपत्रच भरलें नाहीं, तर हक्काचा पैसा सरकारांत पडून राहतो.

हे सर्व ऐकून कोणी सुचवितो, ‘माझा भाचा तेथें डॉलर देईल, तुम्ही मला येथें रुपये द्या, हुंडणावळच नको.’ या मार्गास कोणींही जाऊं नये. १९९९ च्या परकीय चलनाच्या कायद्यानें असा व्यवहार निषिद्ध आहे, आणि त्याची पावतीही कोठें दाखवितां येत नाहीं.

मग करावें काय? नव्या पेठेंत साडी घेतांना पन्नास रुपयांसाठीं चार दुकानें हिंडणारे आपण, येथें पहिल्याच दारीं सही करून मोकळे होतों. दोन-तीन अधिकृत ठिकाणीं जावें, आणि कमिशन किती हें विचारण्याऐवजीं एवढेंच विचारावें: ‘तेथें नक्की किती डॉलर जमा होतील, आणि त्यासाठीं आमच्या खात्यांतून एकंदर किती रुपये जातील?’ रुपयांस डॉलरांनीं भागावें. येईल तो खरा भाव, व त्याच भावावर तुलना करावी. भाव कमी करून मागण्यांतही संकोच नसावा. मोठ्या रकमेवर तो पुष्कळदां मिळतो. लहान लहान रकमा वारंवार धाडण्यापेक्षां शक्य तेथें एकत्र धाडाव्या, म्हणजे ठोक खर्च एकदांच पडतो.

एकत्र कुटुंबांत पुंजी सर्वांची असते, तेव्हां तिची गळतीही सर्वांस दिसली पाहिजे. घरच्या जमाखर्चाच्या वहींत ‘हुंडणावळ’ असें एक खातें उघडावें, आणि प्रत्येक वेळीं तें प्रामाणिकपणें भरावें. सूनबाईंनीं तें पाहावें, आजोबांनीं पाहावें, आणि परदेशांतील मुलांसही तें कळवावें. त्यांच्यावर उपकाराचें ओझें घालण्याचा हेतु यांत नसावा. घरचा हिशेब त्यांच्यापासून लपलेला नाहीं, एवढें त्यांस समजलें म्हणजे तिकडे पंचवीस डॉलर कमी पडले तरी तींही तें घरापासून लपविणार नाहींत.