यादी गेली, आता परीक्षकाकडे पाहू

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५मध्ये ‘यूजीसी-केअर’ ही संशोधनपत्रिकांची यादी बंद केल्याचे जाहीर केले. यादीच्या जागी काही निकष सुचवून पत्रिकांची पारख करण्याचे काम संस्थांवर सोपवले. दिल्लीतील या निर्णयाची चर्चा झाली ती मुख्यतः पदोन्नती आणि पीएच.डी. यांच्या अंगाने. त्यामागचा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला : छापून आलेल्या शोधनिबंधावर आपण नेमका कशाच्या आधारे विश्वास ठेवतो?

याद्यांच्या मर्यादा आपण पाहिल्या आहेत. मे २०१८मध्ये आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पुढे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या साहाय्याने ‘केअर’ची चाळणी उभी राहिली. पण अशी चाळणी पत्रिकेला लावता येते. प्रत्येक निबंध तपासते ती शेवटी एखादी व्यक्तीच. विषयाची जाण असलेली, बहुधा निनावी आणि जवळजवळ नेहमीच विनामोबदला काम करणारी. पिअर रिव्ह्यू, म्हणजेच समकक्ष परीक्षण, ते हेच. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २०२० या एकाच वर्षात जगभरच्या परीक्षकांनी या कामासाठी १० कोटींहून अधिक तास दिले.

कलोपचारासारख्या लहान क्षेत्रात हे परीक्षण विशेष महत्त्वाचे ठरते. चित्र, संगीत, नृत्य, नाट्य यांचा प्रशिक्षित उपचारकाने मानसिक आरोग्यासाठी केलेला उपयोग म्हणजे कलोपचार. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत ‘मूव्हमेंट थेरपिस्ट’ या नोंदीखाली कला व नृत्य उपचारकांचाही उल्लेख आहे. व्यवसायाला कायद्यात जागा मिळाली की रुग्णालये, शाळा आणि पालक पुरावा मागणारच.

तो पुरावा कसा आहे? कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालाने ३,०००हून अधिक अभ्यासांचा धांडोळा घेतला. याउलट, नैराश्यावरील संगीतोपचाराचा कॉक्रेनचा २०१७चा काटेकोर आढावा ९ अभ्यास आणि ४२१ सहभागी यांवरच उभा आहे. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यास अल्पकालीन लाभ दिसतो, असे तो सांगतो; तो मानसोपचारापेक्षा सरस आहे का, याबद्दल मात्र ठाम विधान करत नाही. लिखाण विपुल आणि भक्कम पुरावा मोजका, अशी ही स्थिती आहे.

समजा, परीक्षकाकडे एक हस्तलिखित आले. नोएडातील एका विशेष शाळेत १२ मुलांना ८ आठवडे चित्रोपचार दिला, चिंतेच्या प्रश्नावलीतील गुण उतरले, म्हणून उपचार परिणामकारक, असा त्याचा निष्कर्ष आहे. परीक्षकाचा पहिला प्रश्न : तुलनेसाठी दुसरा गट होता का? नसेल, तर उतरलेले गुण चित्रांमुळे, नुसत्या काळामुळे की एका मायाळू प्रौढाच्या सहवासामुळे, हे कळणार नाही. त्रास अधिक असताना निवडलेली मुले पुढच्या मोजणीत एरवीही थोडी सावरलेली दिसतात. दुसरा प्रश्न : सत्रात नेमके काय घडले, साहित्य कोणते, उपचारकाचे प्रशिक्षण काय? हे नसेल तर प्रयोग दुसऱ्या कुणाला करता येणार नाही. तिसरा प्रश्न मुलांच्या चित्रांचा. उपचाराला दिलेली संमती म्हणजे चित्र छापण्याची संमती नव्हे. चित्रातल्या घरावरून, नावावरून मूल ओळखू येऊ शकते.

याचा अर्थ प्रत्येक निबंध औषधचाचणीच्या साच्यात बसावा, असा नाही. एकाच रुग्णाचे बारकाईने केलेले वर्णनही मोलाचे असते, फक्त त्याने सर्व रुग्णांविषयी दावा करू नये. ‘नमुना लहान’ एवढेच लिहून निबंध परत पाठवणे हाही डोळे झाकून संमती देण्याइतकाच आळस आहे. दावा पुराव्याच्या पलीकडे जातो का, हे पाहणे परीक्षकाचे खरे काम.

लहान क्षेत्रात आणखी एक अडचण असते. दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळुरू येथील उपचारक एकमेकांना ओळखतात. शाळेचे आणि पद्धतीचे वर्णन वाचताच लेखक कोण हे लक्षात येते. नाव झाकणे मग औपचारिकतेपुरते उरते. अशा वेळी परीक्षकाने ओळख संपादकाला कळवावी आणि संपादकाने एक परीक्षक कलोपचारातला, तर दुसरा संशोधनपद्धती जाणणारा, पण त्या वर्तुळाबाहेरचा निवडावा.

हे सारे करायला माणसे हवीत आणि आपली व्यवस्था त्यांना घडवत नाही. पदोन्नतीच्या हिशेबात शोधनिबंधाला गुण मिळतात. परीक्षणाला जवळजवळ स्थानच नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२४मध्ये ३ वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. जगभरच्या संशोधनपत्रिका विद्यार्थ्यांच्या हाती येणे स्वागतार्हच आहे. परंतु वाचलेले पारखण्याचे शिक्षण त्यासोबत दिले नाही, तर ही सोय अपुरी ठरेल. परीक्षण हे अध्यापनाइतकेच शैक्षणिक काम मानून त्याची नोंद व्हावी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमात त्याचे प्रात्यक्षिक असावे, असे माझे मत आहे.

विद्यार्थ्यांना त्यासाठी आयोगाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रसिद्ध झालेला एखादा निबंध घ्यावा, त्यावर दोन पानी परीक्षण लिहावे आणि ते सहाध्यायांसमोर वाचावे. पत्रिकेची पारख करण्याची जबाबदारी आता संस्थांवर आली आहे. त्या संस्थांमध्ये उद्या हेच विद्यार्थी बसणार आहेत.