काही हरपलं काय?

गेल्या पावसाळ्यात अमरावतीच्या छत्री तलावाकाठी मी एकटीच तरोट्याच्या झुडपाशी वाकून पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या शोधत होते. एका मावशींनी काळजीनं विचारलं, "काय वं बाई, काही हरपलं काय?"

खरंच आहे! बाई रानात दिसली की ती कामाला तरी निघालेली, नाहीतर तिचं काहीतरी हरवलेलं. ती नुसतं पाहायला येऊ शकते, हे आपल्यालाच पटत नाही.

मी अळी दाखवली. मावशी अकोल्याकडच्या. हसून म्हणाल्या, "हे तं आमी लहानपणापासून पाह्यतो." मग तरोटा कोवळा कधी खुडायचा, कुंजरू कुठं उगवतो, घोळ नि चिवळ कशी ओळखायची, सगळं सांगितलं. निसर्गाचा अभ्यास याहून वेगळा काय असतो? फक्त तो कुणी वहीत लिहिलेला नाही.

रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर ११३ वर्षं अभ्यासकांना दिसलंच नाही. संपलं, असं मानलं गेलं. १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ सापडलं, पुढे आपल्या मेळघाटातही. पाखरू होतंच, नोंद नव्हती.

आज बांधावर तणनाशक फवारतात, आणि जाणत्या बायकाही थकत चालल्या. म्हणून मैत्रिणींनो, यंदा सासूबाईंना नि लेकीला घेऊन बाहेर पडा. झाडाचं नाव, जागा, तारीख लिहा. कुणी विचारलंच, तर बिनधास्त सांगा, "हरपू नये म्हणून पाहून राह्यली!"