जवारी आणि खरखर

पुण्यात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करणारा माझा एक मित्र आहे. कान तयार, जीभ त्याहून तयार. डार्कथ्रोन या नॉर्वेजियन बँडचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ हा १९९४चा अल्बम मी त्याला ऐकवला, तर दीड मिनिटात हेडफोन काढून तो म्हणाला, ‘‘अरे, शेजारच्या घरात मिक्सर चाललाय आणि त्यामागे कुणीतरी गिटार वाजवतंय, असं वाटतंय.’’ उपमा वाईट नाही. त्यातून त्याने जे निष्कर्ष काढले ते मात्र मला मान्य नाहीत. शिवाय ते त्याच्या एकट्याचे नाहीत, म्हणून ते चव्हाट्यावर आणतो.

पूर्वपक्ष असा : जुन्या भूमिगत एक्स्ट्रीम मेटलचा कच्चा आवाज ही निवड नव्हे, अडचण. पैसा नव्हता, स्टुडिओ नव्हता, हात बसलेला नव्हता. नंतरच्या भक्तांनी त्या गरिबीला शेंदूर फासला आणि तिचा देव केला.

यातलं अर्धं खरं आहे. बाथरी या बँडचा १९८४चा पहिला अल्बम स्टॉकहोममध्ये, गॅरेजचा स्टुडिओ केलेल्या जागेत ध्वनिमुद्रित झाला. नेपाम डेथ या बँडच्या ‘स्कम’ या अल्बमची पहिली बाजू १९८६ साली बर्मिंगहॅममध्ये झाली, तिचा खर्च पन्नास पौंड सांगतात. ही पोरं हाताशी होतं त्यावर भागवत होती, हे कबूल.

पण डार्कथ्रोनचं काय? ऑस्लोजवळच्या कोल्बोत्नच्या या मुलांनी पहिला अल्बम स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत केला. त्या काळी डेथ मेटलवाल्यांची ती पंढरीच. १९९१चा तो अल्बम भरदार आहे, गुंतागुंतीचा आहे आणि वाजवणाऱ्यांचे हात चांगलेच बसलेले आहेत. चांगला स्टुडिओ मिळाला होता, इंग्लंडची पीसव्हिल कंपनी पाठीशी होती. आणि नेमक्या याच वळणावर त्यांनी ते सगळं टाकून दिलं. १९९२चा दुसरा अल्बम ऐकून कंपनी नाराज झाली, आवाज पातळ आहे म्हणाली. बँड हटला नाही. नको असेल तर दुसरीकडून काढू, म्हणाला. पुढे १९९३च्या अखेरीस ड्रमर फेनरिझने घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर एकट्याने ड्रम, गिटार आणि बास वाजवून जे केलं, तेच माझ्या मित्राने दीड मिनिटात नाकारलं. ज्याला येतं आणि ज्याला परवडतं, तो नको म्हणतो, तेव्हा त्याला अडचण म्हणता येत नाही.

मित्राचा दुसरा मुद्दा अधिक चतुर होता. ‘‘बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या आपण खरखर सोसून ऐकतो. तुम्ही लोक खरखरीसाठीच ऐकता. ही विकृती नाही का?’’ भेद त्याने अचूक पकडला. तबकडीवरची खरखर गाण्याच्या बाहेरची आहे. ती गेली तर आनंदच. या अल्बममधली खरखर मात्र वाद्याच्या आतली आहे. म्हणून इथे तबकडीचा दाखला चुकीचा, तंबोऱ्याचा बरोबर.

मिरजेच्या कारागिराला तंबोऱ्याची जवारी काढताना पाहावं. घोडी कानसेने घासून तिला अगदी हलका उतार द्यायचा, तारेखाली सुती दोरा पुढेमागे सरकवत राहायचं, आणि तार घोडीला किंचित घासत थरथरू लागली की थांबायचं. तो झंकार म्हणजे मुद्दाम घडवलेली गुणगुण. तिच्यामुळे तारेतले वरचे उपस्वर जागे होतात. दोरा काढा, तार ‘स्वच्छ’ वाजेल आणि तंबोरा मेल्यासारखा वाटेल. गिटारचा फाटका आवाज याच जातीचा. ध्वनिलहरीचे शेंडे छाटले की मूळ स्वरात नव्या उपस्वरांची भर पडते. मेटलवाल्यांचा लाडका पॉवर कॉर्ड म्हणजे तरी काय, षड्ज आणि पंचम! फाटक्या आवाजात गंधार घातला की गढूळ होतं, पंचम मात्र खणखणीत टिकतो. हे त्यांनी कुठल्या ग्रंथात वाचलं नसेल, कानाने शोधलं.

‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या शीर्षकगीतात सहा मिनिटं ड्रम जवळजवळ एकाच चालीने पळतो. मोजके स्वरसमूह फिरून फिरून येतात. बास शोधावा लागतो. पहिल्यांदा नुसती भिंत ऐकू येते. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या भिंतीतून एक सूर वर येतो, उदास, थंड आणि विलक्षण गाता येण्याजोगा. जात्याची घरघर आणि ओवी यांचं जे नातं, ते इथे आहे. घरघर थांबली की ओवी निराधार.

आणि ज्या स्वच्छतेचे गोडवे मित्र गातो, ती तरी किती खरी? आजच्या चकचकीत एक्स्ट्रीम मेटलमध्ये बास ड्रमचा प्रत्येक ठोका अनेकदा आधी साठवलेल्या नमुन्याने बदललेला असतो. मग माणूस दमला काय आणि चेकाळला काय, ठोका तोच. २००८ साली मेटालिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’चा आवाज इतका दाबून मोठा केला होता की तो जागोजागी फाटत होता. पैसा, स्टुडिओ, नाव, कशाचीच वाण नव्हती. त्यातल्या गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती एका व्हिडिओ गेममध्ये सापडली, आणि चाहते ती अधिक चांगली म्हणून ऐकू लागले.

एका आक्षेपापुढे मात्र मी मान खाली घालतो. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या मूळ आवृत्तीच्या मागच्या बाजूला ‘नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल’ अशा अर्थाची ओळ छापली होती, आणि चार गाण्यांचे शब्द खुनाच्या आरोपाखाली अटकेत असलेल्या वर्ग विकर्नेस या संगीतकाराचे होते. बँडने पुढे आपण नाझी नाही असं जाहीर केलं. त्या खुलाशाने छापलेलं पुसलं जात नाही. ‘तरुण होते हो’ हे समर्थन मी ऐकून घेत नाही. पण ती घाण कागदावर होती. तिच्यासाठी चार ट्रॅकच्या यंत्राला फासावर देण्याचं कारण नाही.

नकली कच्चेपणाही आहे. आज टेपची सरसर संगणकावर विकत मिळते, आणि ज्यांच्याकडे सूर नाही ते ती जाड थराने लावतात. अशा शंभर अल्बमांपैकी नव्वद मी स्वतः कचऱ्यात टाकीन. जवारी काढायला आधी तार सुरात लागते.

मागच्या महिन्यात मित्राने पैज म्हणून ते शीर्षकगीत ‘साफ’ करून पाठवलं. वरचे उपस्वर कापले, खरखर उतरवली, मिक्सर बंद. त्याबरोबर सूरही गेला, कारण तो राहत होता त्याच उपस्वरांत. खाली उरला एक मऊ, दमट गुरगुराट. त्याचा फोन आला तेव्हा आवाज जरा पडलेला होता. गिटारचं ठीक आहे म्हणाला. ड्रमबद्दल मात्र अजून ऐकत नाही.